‘बुद्धिजीवी’ म्हणजे नक्की कोण? कौतुकाचा शब्द टोमणा कसा झाला?

बुद्धीवर जगतो तो बुद्धिजीवी, हा झाला शब्दशः अर्थ. त्या हिशेबाने सुट्टीच्या दिवशी मुळशीतल्या कासारसाई धरणावर फिरायला येणारे हिंजवडीचे आयटी इंजिनिअरही बुद्धिजीवीच! पण त्यांना तसं कुणी म्हणत नाही. हा शब्द आपण सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी वापरतो. सोशल मीडियावर तर तो बऱ्याचदा टोमणाच असतो, ‘दीडशहाणा’सारखा.

असं का होतं? रशियन शब्दकोशांत हा प्रवास वर्षांसकट सापडतो.

व्लादिमिर दाल यांच्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीत (१८६३-६६) ‘इंटेलिगेन्त्सिया’ हा शब्दच नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत (१८८०-८२) तो आला. अर्थ दिला होता: लोकांमधला सुशिक्षित, विचारी वर्ग.

पुढे स्टालिनच्या काळात, १९३५ मध्ये, उशाकोव्ह यांच्या कोशाचा पहिला खंड निघाला. त्यात ‘इंटेलिगेन्त’ला आणखी एक, तुच्छतेचा अर्थ जोडला गेला: कच्च्या मनाचा, डळमळणारा, शंका घेत बसणारा माणूस.

म्हणजे शंका घेणं हाच दोष ठरला. त्यामुळे कुणी ‘आले मोठे बुद्धिजीवी’ म्हणालं, की एवढंच बघा: समोरच्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का?