बुद्धी आणि प्रतिभा

बुद्धी व प्रतिभा या दोन स्वतंत्र शक्ती मानण्याचा प्रघात आहे. भट्टतौताने मात्र नित्य नवे उन्मेष प्रकटविणाऱ्या प्रज्ञेलाच प्रतिभा म्हटले. म्हणजे प्रतिभा हा प्रज्ञेचाच एक प्रकार ठरतो. रूढ बुद्धिमापनात सर्जनशक्ती गवसत नाही, असे गिल्फर्ड यांनी १९५० साली प्रतिपादिले. पुढे अभिसारी व अपसारी हे दोन्ही विचारव्यापार त्यांनी बुद्धीच्याच रचनेत अंतर्भूत केले. ‘वीट कशाची करतात?’ याचे उत्तर ठरलेले असते. ‘विटेचे उपयोग किती?’ याची उत्तरे अनेक. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापनासाठी गिल्फर्डप्रणीत प्रारूपाचा आधार घेतला, त्याचे महत्त्व यातच आहे. केवळ पहिल्या प्रकारच्या प्रश्नांवर निवड झाली, तर दुसऱ्या प्रकारात निपुण असलेला विद्यार्थी दाराबाहेरच राहील.