छपराचे खिळे आणि काउंटीचा परवाना

स्वतःच्या घराचे छप्पर बदलण्यासाठी सरकारी परवाना कशाला, असा प्रश्न अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ग्रामीण घरमालकांना अनेकदा पडतो. जमीन आपली, घर आपले, शेजारी दूर; मग खिळे किती अंतरावर ठोकायचे हे काउंटीने का सांगावे? काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. नगरांच्या हद्दीबाहेरील बांधकामांचे परवाने तिच्याच इमारत विभागाकडून मिळतात. परवान्याचा हा आग्रह कोठून आला, हे समजण्यासाठी वादळांचा इतिहास पाहावा लागतो.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी 'अँड्र्यू' चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. एकट्या डेड काउंटीत पंचवीस हजारांहून अधिक घरे उद्ध्वस्त झाली. त्या भागात बांधकामाची नियमावली १९५७ पासूनच होती आणि ती कडक मानली जात असे. तरीही पडझडीच्या पाहणीत असे आढळले, की कित्येक छपरांचे खिळे व पिना खालच्या लाकडी कैचीत शिरल्याच नव्हत्या. नियम कागदावर होता, त्याची तपासणी मात्र पुरेशी झालेली नव्हती.

छपरालाच एवढे महत्त्व का, याचे कारण वाऱ्याच्या गतीत आहे. वेगाने वाहणारा वारा छपरावर कमी दाब निर्माण करतो आणि छप्पर वर ओढले जाते. त्यातच खिडकी किंवा दार फुटले, तर आत शिरलेला वारा त्याला खालूनही रेटतो. छप्पर गेले की भिंतींचा आधार सुटतो आणि घरात पाणी शिरते. म्हणून छपराचा तक्ता कैचीला, कैची भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट जोडलेली असावी लागते. या साखळीतील एक दुवा कच्चा राहिला, तर बाकीची मजबुती फुकट जाते.

या अनुभवातून १ मार्च २००२ पासून फ्लोरिडात सर्व काउंटींसाठी एकच इमारत संहिता लागू झाली. जुन्या घरांचे छप्पर बदलतानाही सुधारणा आवश्यक ठरल्या. २००२ पूर्वीच्या स्वतंत्र घरांचे नवे छप्पर घालताना तक्त्याचे खिळे नव्या निकषांप्रमाणे वाढवावे लागतात आणि आवरणाखाली पाणी अडवणारा दुसरा थर द्यावा लागतो. वर्षभरात छपराचा चतुर्थांशाहून अधिक भाग दुरुस्त केल्यास तो संपूर्ण भाग संहितेनुसार करणे पूर्वी सक्तीचे होते. २०२२ मध्ये ही अट सैल झाली. २००७ च्या किंवा नंतरच्या संहितेनुसार घातलेल्या छपराचा आता केवळ दुरुस्त केलेला भाग नियमानुसार असला तरी पुरते.

घरमालकाला काही अटींवर स्वतःच्या नावे परवाना घेऊन काम करता येते. परंतु तपासणी टळत नाही. निरीक्षक मध्येच येतो, कारण वरचे आवरण बसल्यावर खिळे दिसत नाहीत. परवान्याचा खरा अर्थ या एका भेटीत आहे. वादळाला तोंड देणाऱ्या अशा सुधारणा केल्यास विम्याच्या हप्त्यातही सवलत मिळते.

शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीवरील गोठे, कोठारे यांसारख्या निवासेतर इमारतींना मात्र संहितेतून सूट आहे. तेथे कोणी राहत नाही, हा त्यामागील विचार. राहत्या घरांना दिलेली सवलत वेगळी ठरते. राज्याच्या वायव्य पट्ट्यात किनाऱ्यापासून एक मैलापलीकडील घरांना, उडत्या वस्तूंपासून खिडक्या वाचवण्याच्या नियमातून सूट होती. २००७ मध्ये ती रद्द झाली. पुढे १० ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच पट्ट्यावर, मेक्सिको बीचजवळ, ताशी सुमारे २५७ किलोमीटर वेगाचे 'मायकेल' वादळ आदळले. नव्या संहितेनुसार बांधलेल्या घरांचे सांगाडे जुन्या घरांच्या तुलनेत चांगले टिकले. छपराची आवरणे मात्र नव्या घरांचीही उडाली. संहितेने घर वाचवले, पण सारे नुकसान टाळले नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात रायगड व रत्नागिरीतील असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडालेली आपण पाहिली आहेत. छप्पर पुन्हा घालण्याची वेळ आली की पत्र्याची किंमत सगळेच विचारतात. पत्रा कशाला आणि कसा बांधला आहे, हे आवरण बसण्यापूर्वी कोणी जाणकाराने पाहिले का, हा प्रश्नही तितक्याच आवर्जून विचारायला हवा.