वाटेत घर लागतं तेव्हा

नाशिकहून पहाटे सहाला निघायचं, आग्रा रोडनं मालेगावला जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. २०० किलोमीटर, वेळ साडेतेरा तास. याला ब्रेव्हे म्हणतात. मूळ फ्रान्समधलं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल शर्यत १८९१ साली सुरू झाली. आज ती शर्यत नाही, पण १२०० किलोमीटर नव्वद तासांत पुरे करायला जगभरातून लोक जातात. इथंही पहिला-दुसरा नंबर नसतो. हातात एक कार्ड असतं, ठरल्या ठिकाणी त्यावर शिक्का घ्यायचा, बस्स.

माझ्या गेल्या वर्षीच्या कार्डावर शेवटचा शिक्का नाही. कारण साधं आहे. मी ओझरला राहतो, आणि परतीच्या वाटेवर ओझर आधी लागतं, नाशिक नंतर. १८० किलोमीटर झाल्यावर दहा मिनिटांवर आपलं घर असतं. गेल्या वर्षी मी सरळ घरी वळलो. या वर्षी निघताना सौ.नं विचारलं, "अहो, मागच्यासारखं सहाला पाणी तापवून ठेवू का?"

सायकल मुलाची जुनी, जाड टायरची. डोंगरातल्या पायवाटांसाठी बनवलेली, डांबरावर जड. पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड असं करत मालेगाव गाठेपर्यंत फारसं काही दुखलं नाही. दुखणं परतीत सुरू झालं. आधी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जाते, त्यामुळे असं होतं. हात बदलून धरला की उतरतं. मग मान. मग जिथं बसतो ती जागा, जिच्याविषयी रविवारच्या पुरवणीत फार लिहिता येत नाही.

राहुडच्या घाटात मात्र उजवा गुडघा बोलू लागला. हे वेगळं होतं. बाकीचं दुखणं पसरलेलं, मंद. हे एकाच जागी, वाटीच्या पुढं, प्रत्येक पायडलला टोचणारं. थांबलो. पाहतो तर सीट हळूहळू खाली घसरली होती. सीट खाली गेली की गुडघा जास्त वाकतो आणि पुढच्या बाजूला ताण येतो. बोटभर वर घेतली, आवळली. चांदवड येईस्तोवर टोचणं थांबलं. नसतं थांबलं तर टेम्पो शोधला असता, हे कबूल करतो. गुडघा आयुष्यभर लागतो.

आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघंही डॉक्टर, २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही शर्यत जोडीनं पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं केली. त्या शर्यतीत काहींची मान इतकी थकते की डोकं वर धरवत नाही. त्यांच्यापुढं माझे २०० म्हणजे भाजी आणायला जाणं. पण त्यांच्या वाटेत त्यांचं घर लागत नव्हतं!

ओझरला सहा वाजले. एच.ए.एल.च्या शिफ्टला मी कितीएक वर्षं याच गावात सायकल हाणली. १९६४ साली मिगचा कारखाना आला तेव्हापासून इथं सायकली फार. तेव्हा घराकडं वळताना विचार करावा लागत नसे. फाट्यावर पाय टेकला. अंगभर चाचपून पाहिलं: गुडघा गप्प, बोटं बधिर, मान आखडलेली, बसायची जागा पेटलेली. सगळं दुखत होतं आणि कुठंच काही बिघडलं नव्हतं. गेल्या वर्षीही असंच असणार. तेव्हा तपासून पाहिलं नाही, एवढंच.

दहावा मैल, आडगाव, नाशिक. सात वाजून दहा मिनिटांनी शिक्का बसला.

सायकल पंचवटीत बहिणीकडं ठेवली आणि ओझरची बस धरली. बस बरीच रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा की." मी घरापर्यंत उभ्यानंच आलो.