पन्नास शब्दांची भिंत

१ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हे नवे राष्ट्र उदयास आले. त्याच वर्षी तेथील संसदेने प्रवेशनिर्बंधाचा कायदा संमत केला. त्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. अधिकारी वाचून दाखवील तो ५० शब्दांचा उतारा येणाऱ्याने लिहावा, एवढीच अट होती. मात्र युरोपातील कोणती भाषा निवडावयाची, हे तो अधिकारीच ठरवी. गौरेतरास बाहेर ठेवण्यास तेवढे पुरेसे होते.

जे आधीच आत होते, त्यांचे काय? १८६३ पासून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांसाठी पॅसिफिक बेटांतून मजूर आणले गेले. कित्येकांस तर फसवून वा पळवून. अशा करारांची संख्या सुमारे ६२,००० होती. १९०१ च्याच दुसऱ्या कायद्यान्वये १९०६ नंतर हजारोंची परत पाठवणी झाली. ऊस हवा होता, तो पिकविणारा नको होता!

भाषापरीक्षा १९५८ साली रद्द झाली; १९७५ साली वर्णभेदास कायद्याने मनाई झाली. मागे राहिलेल्यांच्या वंशजांस स्वतंत्र समाज म्हणून केंद्र सरकारची मान्यता मिळण्यास मात्र १९९४ साल उजाडले. मॉरिशसच्या मळ्यांत ज्यांचे पूर्वज करारानेच राबले, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.