आजोबांच्या ‘यांकी’ची पाती

आमच्या विहाराच्या वाचनालयाला गेल्या वर्षी एका धम्मबांधवाने सागवानी कपाट दान दिले. कपाट जुने, पण लाकूड खणखणीत. दारांच्या बिजागऱ्या तेवढ्या निखळल्या होत्या. १४ एप्रिलच्या आत पुस्तके लावायची म्हणून आम्ही कार्यकर्ते एका रविवारी जमलो. एकाने विजेचे ड्रिल आणले, तर विहारातला प्लग बंद! (तो प्लग दुरुस्त करण्याचा ठराव आम्हीच तीन सभांत मंजूर केला होता, हेही कबूल केले पाहिजे.) तेव्हा आम्हाला घरच्या माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी आठवली.

त्या पेटीत आजोबांची ‘यांकी’ होती. हे हाताने दाबायचे गिरमिट. मूठ खाली दाबली की आतल्या पिळाच्या दांड्यामुळे पुढचे पाते गरकन फिरते, हात सैल सोडला की स्प्रिंग मूठ वर आणते. एका हाताने फळी धरावी, दुसऱ्या हाताने टक्‌टक् दाबत जावे. सागात स्क्रूपुरते भोक पडायला फार वेळ लागत नाही. भिंत किंवा लोखंड हे त्याचे काम नव्हे. आमच्यावर फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स कंपनीचे नाव कोरलेले आहे. ही कंपनी १९४६ साली स्टॅन्ली कंपनीने विकत घेतली. आमच्या यांकीवर स्टॅन्लीचे नाव नाही, म्हणजे ती बहुधा त्याआधीची.

मुठीच्या पोकळीत आठ पात्यांचे आठ कप्पे असतात. सगळ्यात बारीक १/१६ इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत अर्धे सूत, आणि सगळ्यात जाड ११/६४ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरला थोडे कमी. आमच्या मुठीत दोनच पाती निघाली. त्यांतले एक टोकाशी तुटलेले.

ही यांकी आजोबांकडे आली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजोबा १९४१ साली रेल्वेच्या एका वर्कशॉपात खलाशी म्हणून लागले. डब्यांच्या सुतारखात्यात कारागिरांना हत्यारे नेऊन द्यायची, संध्याकाळी पुसून परत ठेवायची. पुसायची, पण चालवायची नाहीत. “हत्याराला हात लावशील तर घरी बसशील,” असे त्यांना पहिल्याच आठवड्यात बजावले होते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांच्या जागांचा हिशेबही मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणून राबतो, वर्कशॉपात गेला तरी हमालच राहतो, मेकॅनिकच्या जागेवर क्वचित दिसतो, हे त्यांनी उघड केले. आजोबा त्या परिषदेला नव्हते. पण ते भाषण त्यांना चाळीत कुणीतरी वाचून दाखवले होते, असे आजी सांगे.

आजोबा जेवणाच्या सुट्टीत मोडक्या फळ्यांवर हात बसवू लागले. एका अँग्लो-इंडियन चार्जमनने ते पाहिले आणि काणाडोळा केला. स्वातंत्र्यानंतर तो विलायतेला निघाला, तेव्हा आपली स्वतःची यांकी त्याने आजोबांच्या हाती ठेवली. १९५३ साली आजोबा कारागीर झाले. १९५६ नंतर आमच्या चाळीत जी पहिली बुद्धमूर्ती आली, तिचे लाकडी आसन याच यांकीने भोके पाडून जोडले होते.

तर अशा हत्याराला पाते नाही म्हणून ते पुन्हा माळ्यावर टाकायचे, हे आमच्या जिवावर आले.

पहिल्यांदा आम्ही नागदेवी स्ट्रीटला गेलो. ऑफिसातून हाफ डे काढून. मुंबईत हत्यार म्हटले की पाय तिकडेच वळतात. चार दुकानांत पाते दाखवले. दोघांनी ते उलटेसुलटे करून परत दिले, तिसऱ्याने बॅटरीचे ड्रिल काढून समोर ठेवले. चौथा म्हातारा होता. त्याने पाते ओळखले आणि म्हणाला, “याची खाच बघून घ्या, नाहीतर फसाल.” आम्ही मान डोलावली आणि फसलो.

त्याचे असे झाले. एका शुक्रवारी पहाटे आम्ही चोरबाजाराकडच्या रस्त्यावरच्या बाजारात गेलो. एका कापडावर गंजलेल्या पान्यांच्या ढिगात तसेच एक गिरमिट दिसले. मूठ उघडली तर आत पाच पाती! घासाघीस करून अडीचशे रुपयांना घेतले आणि जग जिंकल्यासारखे घरी आलो. पाती आमच्या यांकीत बसली. पण पहिले भोक पाडून हात वर घेतला, तर पाते लाकडातच राहिले आणि आमच्या हातात नुसती यांकी.

कारण साधे आहे. या पात्याचा दांडा साध्या ड्रिलबिटासारखा नुसता गोल नसतो. टोकाला एक बाजू सपाट केलेली असते, म्हणजे पाते जागच्या जागी गरगरत नाही. कडेला एक खाच असते, तिच्यात आतला खटका अडकतो, म्हणजे पाते ओढताना सुटत नाही. प्रत्येक कंपनीची खाच निराळी. म्हणून बाजारात जाताना हत्यारच बरोबर न्यावे, पाते बसवून, दोनदा दाबून आणि ओढून पाहावे, मगच पैसे द्यावेत. दांड्याची जाडी व्हर्नियरने मोजून चिठ्ठीवर लिहून ठेवावी. परदेशात अशी पाती अजून विकणारे आहेत. पण टपालखर्च धरला तर आमच्यासारख्या कारकुनाच्या खिशाला ते झेपणारे नाही.

शेवटी उपाय वस्तीतच सापडला. आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. आयुष्यभर लेथवर काम केलेले, आता निवृत्त. त्यांनी तुटके पाते भिंगाखाली धरले आणि म्हणाले, “हे विकत कशाला घेता? करू की.” त्यांच्या शेजारची एक मुलगी आय. टी. आय. मध्ये फिटरचा कोर्स करते. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी सांगायचे आणि तिने करायचे असे ठरले.

दांड्याच्या जाडीची सिल्व्हर स्टीलची कांडी घेतली. जुन्या पात्याच्या लांबीचा तुकडा कापला. आधी दांड्याची सपाट बाजू आणि खाच कानशीने केली. हे काम सर्वांत चिकाटीचे. मुलीने प्रत्येक चार घासांनी पाते यांकीत घालून पाहिले. मग पुढचा भाग हव्या त्या मापापर्यंत बारीक करून त्यावर समोरासमोर दोन सरळ खाचा काढल्या. सरळच का, असे आम्ही विचारले. काका म्हणाले, पिळाचे बिट लाकडात स्क्रूसारखे ओढले जाते आणि अडकते. शिवाय यात मूठ वर येताना पाते उलटे फिरते, म्हणून सरळ खाच बरी, तिच्यातून भुसा सुटतो. टोकाला दोन्ही बाजूंनी उतार देऊन धार केली.

पुढे पाणी देणे. टोक गॅसच्या बत्तीवर लालभडक केले. लोहचुंबक चिकटेनासे झाले की पुरेसे तापले, ही काकांची खूण. लगेच पाण्यात बुडवले. आता ते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ. म्हणून पॉलिश पेपरने चकचकीत करून दांड्याच्या बाजूने हळूहळू तापवले. रंग सरकत टोकाकडे येतो. वाळल्या गवतासारखा पिवळा टोकाला पोचला की पुन्हा पाण्यात. पहिल्या खेपेला रंग निळ्यावर गेला आणि पाते मऊ पडले. मुलगी हिरमुसली. काका म्हणाले, “माझी पहिल्या वर्षी सतरा गेली.”

दुसरे पाते जमले. ३/३२ इंचाचे, सागात सहा नंबरच्या स्क्रूला ते ठीक पडते. कपाटाच्या बिजागऱ्यांची चोवीस भोके त्या मुलीनेच पाडली, आम्ही फळी धरली. आमचे अण्णा खुर्चीवर बसून पाहत होते. अर्ध्यावर त्यांनी यांकी मागून घेतली, दोन भोके पाडली आणि काही न बोलता तिला परत दिली.

आता मुठीतले पाच कप्पे भरले आहेत. उरलेल्या तीन पात्यांसाठी सिल्व्हर स्टीलची फूटभर कांडी आणून ठेवली आहे. विहारातला प्लग मात्र अजून तसाच आहे.