आठ आण्यांचा कुत्रा, लाखमोलाची जागा

शहर आणि श्वापदे : लेखांक सातवा

अमेरिकेतील उपनगरांच्या परसांत वावरणारा कायोटी, म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असा श्वानकुळातील प्राणी, हा या लेखमालेच्या मागील लेखांकाचा विषय होता. विष, सापळे आणि बंदुका यांचा शतकभर मारा होऊनही मूळचा पश्चिमेकडील मैदानांचा हा रहिवासी अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरला आणि शिकागोसारख्या महानगरात स्थायिक झाला, कारण एक प्राणी मारला की त्याची जागा आणि त्याचे अन्न शेजारच्या दुसऱ्याला आयतेच मिळते. मुंबईत कायोटी नाही. त्याचा भाऊबंद असलेला सोनेरी कोल्हा आज चेंबूर-विक्रोळीकडच्या खारफुटीत आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी तग धरून आहे. लोअर परळच्या गल्ल्यांत मात्र श्वानकुळातील एकच प्राणी मोकळा फिरतो, तो म्हणजे रस्त्यावरचा कुत्रा, आणि जागा रिकामी राहत नाही हा कायोटीला लागू पडणारा नियम या कुत्र्यालाही लागू पडतो हे मुंबईच्या कारभाऱ्यांना उमजण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

या प्राण्यासाठी मराठीत भटका, मोकाट आणि बेवारशी असे तीन शब्द सर्रास वापरले जातात, आणि निरीक्षणाच्या कसोटीवर तिन्ही लटके ठरतात. लोअर परळचा कुत्रा भटकत नाही. चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या फाटकापर्यंतचा पट्टा तो आपल्या चार-सहा सोबत्यांसह धरून बसतो, त्या पट्ट्याच्या सीमा मूत्राच्या गंधाने आखतो, रात्री भुंकून त्या जाहीर करतो आणि परका कुत्रा आत आल्यास त्याला हुसकावून लावतो. प्राणिशास्त्रात या वर्तनाला प्रदेशनिष्ठा म्हणतात. तो पूर्णपणे बेवारशीही नसतो, कारण टपरीवाला, रखवालदार किंवा चाळीतील एखादी आजी यांच्यापैकी कोणाच्या तरी हातून त्याच्या पोटात रोज काही पडत असते आणि बहुधा त्याला नावही असते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी अशा प्राण्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटले आहे. हा शब्द सरकारी वळणाचा असला तरी वस्तुस्थितीच्या जवळ जाणारा आहे.

एखाद्या परिसरात अन्न, पाणी आणि आसरा यांच्या बळावर जास्तीत जास्त किती प्राणी जगू शकतात, त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात, आणि ही मर्यादा कशी ठरते हे पाहण्यास लोअर परळइतके बोलके उदाहरण मुंबईत दुसरे क्वचितच सापडेल. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली, ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. माणसाच्या दृष्टीने सारेच बदलले, पण कुत्र्याच्या दृष्टीने बदल झाला तो बव्हंशी सोयीचाच. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरणीच्या दाराशी जेवणाच्या डब्यातले उरलेसुरले पडत असे, तेथे आता हजारो कचेरीकरांना दुपारी वडापाव, चायनीज आणि बिर्याणी पुरवणाऱ्या खाऊगल्ल्या आहेत, ज्यांचे खरकटे रात्री उघड्या डब्यांशेजारी साचते. शिवाय वर्षानुवर्षे चालणारी बांधकामे आडोसा देतात आणि तेथील पहारेकऱ्यांना रात्रीची सोबत म्हणून कुत्री हवीच असतात. जमिनीचा भाव ज्या वेगाने चढला त्या वेगाने कचरा उचलण्याची शिस्त चढली नाही, आणि कुत्र्यांची संख्या भावाप्रमाणे नव्हे, कचऱ्याप्रमाणे ठरते.

या प्रश्नाशी शहराची पहिली मोठी झटापट झाली ती लोअर परळच्या दक्षिणेस, कोटाच्या आत. उन्हाळ्याच्या महिन्यांत रस्त्यावरची कुत्री मारण्याची मुभा कंपनी सरकारच्या पोलिसांना होती आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षीस डोक्यामागे ठरले की डोकी मोजली जातात, ती कोणाची हे कोणी पाहत नाही. त्यामुळे शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले आणि ६ जून १८३२ रोजी पारशी समाज प्रक्षुब्ध होऊन शिपायांवर चालून गेला. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला असलेले स्थान येथे लक्षात घ्यावे लागते, कारण मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी असा 'सगदीद' हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, त्यात हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही उतरले, कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली आणि सैन्य बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग कुत्र्यांची दंगल म्हणून ओळखला जातो. इतिहासकारांनी त्याकडे धर्मभावना आणि वसाहतीची सत्ता यांच्या संघर्षाचे उदाहरण म्हणून पाहिले आहे आणि ते रास्तच आहे. तथापि आठ आण्यांच्या त्या हिशेबात प्राणिशास्त्राचीही एक चूक दडलेली होती, ती म्हणजे मेलेला कुत्रा वजा होतो आणि बाकी तेवढीच कमी राहते, हे गृहीतक.

ही चूक पुढे महापालिकेने दीर्घकाळ चालवली. कुत्रागाडी येई, फासे आणि चिमटे घेऊन माणसे उतरत, कुत्री महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात नेली जात आणि तेथे विजेच्या धक्क्याने मारली जात. वर्षाकाठी हजारोंच्या संख्येने हे चाले आणि तरीही गल्ल्यांतील कुत्री हटत नसत. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात शेजारची कुत्री शिरत, नव्या सीमांसाठी भांडणे होत, भांडणांतून चावे वाढत आणि उरलेल्या माद्यांच्या पिल्लांना पुरेसे अन्न मिळाल्याने ती अधिक संख्येने जगत. मादी सुमारे ६३ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते, हे ध्यानात घेतले तर कोंडवाड्याचा वेग तिच्यापुढे का टिकला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. अखेरीस १९९४ च्या सुमारास मुंबईने हत्येऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग धरला आणि २००१ च्या केंद्रीय नियमांनी तो देशभर बंधनकारक केला.

निर्बीजीकरणाची पद्धत दिसायला सोपी आहे. कुत्रा जाळीने पकडायचा, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, जखम भरेपर्यंत काही दिवस ठेवायचे, ओळखीसाठी कानाच्या कडेला खाच पाडायची आणि ज्या गल्लीतून आणला त्याच गल्लीत सोडायचे. या शेवटच्या पायरीवरच नागरिकांचा सर्वाधिक रोष असतो, आणि तीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. परत आलेला कुत्रा प्रजनन करत नाही, पण आपला पट्टा राखतो, म्हणजे नव्या कुत्र्यांविरुद्ध फुकटचा पहारेकरी ठरतो. मात्र परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांवर थोड्या अवधीत शस्त्रक्रिया झाली तरच संख्या उतरणीला लागते. रडतखडत, आज ही गल्ली आणि सहा महिन्यांनी ती गल्ली, अशा रीतीने केलेले काम पिल्लांच्या पुढील दोन वेती धुऊन नेतात. मुंबईच्या २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार कुत्री आढळली होती आणि दहा वर्षांनंतरच्या पाहणीत सुमारे ९० हजार. या आकड्यांकडे अपयश म्हणूनही पाहता येते आणि वाढ रोखली गेली म्हणूनही. शहराचा कचरा दरम्यान काही घटलेला नाही, हे लक्षात घेता दुसरे वाचन अधिक न्याय्य ठरते.

उचलून दुसरीकडे सोडणे हा उपाय वारंवार सुचवला जातो, म्हणून बिबट्याचा दाखला येथे द्यावा लागतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरातील बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले आणि त्यानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. परक्या मुलखात फेकलेला प्राणी बावचळतो आणि त्याची जुनी जागा दुसरा घेतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा बिबट्या जगतो तो बऱ्याच अंशी कुत्र्यांवर, आणि ही कुत्री जगतात ती वस्तीच्या उकिरड्यावर. शहराच्या दोन टोकांच्या दोन प्रश्नांचे मूळ अशा रीतीने एकाच उकिरड्यात सापडते.

कुत्र्याच्या प्रश्नाला प्राणघातक करते ती रेबीज. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाला 'अलर्क' म्हटले आहे आणि पाण्याला भिण्याचे लक्षणही तेथे नोंदलेले आहे. आधुनिक परिभाषेत हा लाळेतून जखमेत शिरणारा विषाणू आहे, जो रक्तातून नव्हे तर मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला आठवडे किंवा महिने लागतात, तेवढीच काय ती वैद्यकाला मिळणारी सवड, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास वाचतच नाही. भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने दगावतात असा अलीकडील अंदाज आहे.

परळने या आजाराचा इतिहास जवळून पाहिला आहे. कापडगिरण्यांचे मालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे उभारलेले बाई साकरबाई प्राणी रुग्णालय येथेच आहे, त्याच्या आश्रयाने १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि प्लेगच्या लशीसाठी ख्यातकीर्त झालेल्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, जिला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. या संस्थेत रेबीजची जी लस अनेक दशके तयार होत असे ती मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून, डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ मध्ये काढलेल्या पद्धतीने बनत असे. 'पोटात चौदा इंजेक्शने' या शब्दांत जुन्या पिढीच्या स्मरणात राहिलेली लस तीच. तिच्यामुळे क्वचित मेंदूला आणि मज्जारज्जूला इजाही होई, म्हणून २००४ अखेर भारतात तिचा वापर थांबवण्यात आला. आता पेशींमध्ये वाढवलेली लस दंडावर टोचली जाते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ती टोचतात. भीती मात्र अजून चौदा इंजेक्शनांचीच आहे आणि तिच्यापायी लोक दवाखाना टाळतात, ही त्या लशीची मागे राहिलेली इजा म्हणावी लागेल.

चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे ही पहिली कृती होय, कारण या विषाणूचे बाह्यावरण स्निग्ध असते आणि साबण ते विरघळवतो. हळद, तिखट किंवा चुना भरण्याची चाल घातक आहे. रक्त आले असल्यास लशीखेरीज जखमेत आणि भोवती प्रतिद्रव्येही टोचावी लागतात, ती यासाठी की लशीने शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करीपर्यंतचे दिवस निभावले जावेत. चावणारा कुत्रा दहा दिवसांनंतर धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते, परंतु त्या निकालाची वाट पाहत पहिला डोस लांबवायचा नसतो.

कायोटी समोर आल्यास हात उंचावून आरडाओरडा करावा, असे अमेरिकेत शिकवले जाते, कारण त्या रानटी प्राण्याच्या मनात माणसाचे भय टिकवायचे असते. लोअर परळच्या कुत्र्याबाबत हा उपाय उलटतो. तो माणसाला पुरता ओळखतो. धावणारा पाय आणि वेगाने जाणारी मोटारसायकल पाहून मात्र त्याची पाठलागाची उपजत वृत्ती जागी होते, म्हणून थांबणे, नजरेला नजर न देणे आणि सावकाश बाजूला होणे हेच हितावह असते. पिल्लांसह असलेल्या मादीच्या वाटेस मुलांनी जाऊ नये, हे चाळीत पूर्वी कोणाला शिकवावे लागत नसे.

कायद्याचा आजचा पेच मात्र नाजूक आहे. २०२३ च्या नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा आणि वेळ रहिवासी संघटनेने ठरवून द्यायची असते, आणि ती जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा दिलेला आदेश २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने बदलला आणि शस्त्रक्रिया व लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक वगळता, बाकीची मूळ जागी सोडण्यास सांगितले. तथापि ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवून ती तेथे परत न सोडण्याचे बंधन घातले. परळसारख्या भागात, जेथे मोठी रुग्णालये आणि दोन मार्गांवरची स्थानके काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, तेथे या आदेशाचे पालन म्हणजे सरळ सीमारेषेचा प्रश्न होऊन बसतो, कारण फलाटाच्या कुंपणाबाहेर दहा पावलांवर गाडीवाल्याचे खरकटे पडलेले असते आणि कुत्र्याच्या पट्ट्याची सीमा रेल्वेच्या हद्दीशी जुळत नाही.

गोव्याने मुंबईपेक्षा निराळ्या टोकाला जोर लावला. तेथे निर्बीजीकरणापेक्षा सामूहिक लसीकरणाला अग्रक्रम मिळाला, वाडीवाडीत जाऊन दरवर्षी लस टोचण्यात आली आणि २०२१ मध्ये राज्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित करता आले. मुंबईच्या दृष्टीने या कामातील एक बारकावा विशेष उपयोगाचा आहे. कानाची खाच शस्त्रक्रिया झाल्याचे सांगते, पण त्या वर्षाची लस टोचली आहे की नाही हे सांगत नाही, म्हणून गोव्यातील पथके लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर काही दिवस टिकणाऱ्या रंगाचा पट्टा ओढतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत हिंडून रंग असलेली व नसलेली कुत्री मोजतात. रंग नसलेली कुत्री जास्त भरली, तर पथक त्या वाडीत पुन्हा जाते.