खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर : शय्येवरून उठण्याची रीत

खुब्याचा कृत्रिम सांधा बसविलेला रुग्ण घरी परतला की नातेवाईक आपल्याकडे येऊन विचारतात, ‘वैद्यराज, मालिश कधी सुरू करावे?’ आमच्या मते, आधी आपणच त्यांना विचारले पाहिजे, ‘रुग्ण पलंगावरून उठतो कसा?’

आमच्या पाहण्यातील एका आजींना त्यांचा मुलगा काखेत हात घालून सरळ ओढून उठवीत असे. वेदनेमुळे आजी उठण्यासच भिऊ लागल्या. लघवीस उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेही कमी केले. मुलाच्या मायेत उणेपणा नव्हता. त्याला रीत कोणी शिकविली नव्हती.

मागील बाजूने छेद घेतला असल्यास, शल्यचिकित्सक सांगतील तोपर्यंत, खुबा 90 अंशांहून अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे व शस्त्रक्रियेचा पाय आत वळविणे टाळावयाचे असते. अन्यथा सांधा निखळण्याचा धोका असतो. म्हणून रुग्णाने मांड्यांमध्ये उशी ठेवून, कोपरांवर भार देत, धड व पाय एकत्रच वळवून कडेला यावे. शस्त्रक्रियेचा पाय पुढे लांबवून किंचित मागे रेलून बसावे. चक्कर येत नाही याची खात्री झाल्यावर हातांनी पलंगाला रेटा देऊन चांगल्या पायावर उभे राहावे. वॉकर ओढून उठू नये, तो कलंडतो. पलंग व कमोड यांची बैठक गुडघ्यापेक्षा उंच असावी. पाटावर, मांडी घालून वा उकिडवे बसणे वर्ज्य समजावे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात मांडी व जंघेच्या भग्नासाठी कपाटशयन सांगितले आहे. तेथे अवयव अचल ठेवण्यावर भर आहे. कृत्रिम सांध्याच्या रुग्णास मात्र बहुधा एक-दोन दिवसांतच उभे करतात. साधन बदलले, तरी अवयव योग्य स्थितीत राखण्याचा हेतू तोच आहे.

व्रण पूर्ण भरेपर्यंत आणि शल्यचिकित्सकांच्या संमतीवाचून अभ्यंग करू नये. पोटरी सुजून दुखू लागल्यास तर हातही लावू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

त्या आजींना आम्ही तेल दिले नाही, केवळ ही रीत मुलासमोर शिकविली. काही दिवसांनी त्या आपल्या आपण उठून बसू लागल्या आणि पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्या उशाशी आला.